कातळावरचीं चित्रें आणि त्यांचे राखणदार

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पाण्याचें मोल जाणणारे. काटेवाडीच्या शिवारांत नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि उसाचे मळे उभे राहिले. उत्तरेच्या अंगास भीमेवर उजनीचें धरण झालें आणि १९८० च्या सुमारास इंदापूर तालुक्यांतील कितीएक गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेव हें त्यांपैकींच एक. गांवकऱ्यांनीं पाण्यापासून दूर नवीं घरें बांधलीं. पळसनाथाचें जुनें दगडी देऊळ मात्र जागच्या जागीं राहिलें. पावसानें ओढ दिली आणि उन्हाळ्यांत जलाशय फार खालीं गेला, म्हणजे तें शिखरासह पुन्हां उघडें पडतें. लांबलांबून लोक येतात, छायाचित्रें घेतात, हळहळतात आणि परत जातात. पावसाळा आला कीं देऊळ पुन्हां पाण्यांत. दगड शाबूत आहे. परंतु ज्या पायऱ्या गांवानें रोज चढाव्या आणि ज्या गाभाऱ्यांत सांजवेळीं दिवा लागावा, तो क्रम तेथें तुटला तो तुटलाच.

प्राचीन वस्तु टिकते ती दगडाच्या बळावर, कीं तिच्या अवतीभोंवतीं नांदणाऱ्या माणसांच्या बळावर? पळसदेवासमोर उभें राहिलें असतां हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर घाट उतरून कोंकणांत जावें हें बरें. देवळाचें वय शतकांत मोजतां येतें; कोंकणच्या उघड्या कातळावर जीं चित्रें कोरलेलीं आहेत, त्यांचें वय सहस्रकांत मोजावें लागतें. तीं आजवर कोणीं राखलीं आणि यापुढें कोण राखणार, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

सह्याद्रि उतरून रत्नागिरी आणि राजापूर या तालुक्यांतून समुद्राकडे जातांना मधें उंच, सपाट, उघडीं पठारें लागतात. त्यांस कोंकणांत सडा म्हणतात. पायाखालीं तांबडाकाळा जांभा दगड आणि त्यावर पुष्कळ ठिकाणीं वीतभरही माती नाहीं. वैशाखांत सडा तव्यासारखा तापतो. मृगाच्या सरी पडल्या कीं त्याच्या खळग्यांतून पाणी साचतें, गवत उगवतें, इवलींशीं फुलें येतात आणि गुरें चरावयास चढतात. भात खालच्या खलाटींत, घरें आणि माड-पोफळी उतारावर, आणि सडा गुराख्यांचा, अशी कोंकणी गांवाची जुनी मांडणी आहे.

हा जांभा मोठा विलक्षण दगड आहे. उष्ण व दमट हवेंत मूळ खडक लक्षावधि वर्षें कुजत गेला, त्यांतील विरघळणारीं द्रव्यें पावसाबरोबर वाहून गेलीं आणि लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें तेवढीं मागें उरलीं. त्यांचा हा दगड बनला. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानें १८०७ सालीं मलबारांतील याच जातीच्या दगडास ‘लॅटराइट’ असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत वीट या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून हें नांव आलें. विटेचें नांव त्यास शोभतेंही, कारण खाणींतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, अवजारानें सहज कापला जातो आणि हवा लागली म्हणजे कठीण होतो. कोंकणांतील घरें, देवळें, गडगे आणि विहिरी याच दगडाच्या चिऱ्यांनीं बांधलेल्या आहेत. चित्रें कोरणाऱ्या हातांना ज्या दगडानें साथ दिली, त्याच दगडाला पुढें बाजारांत किंमत आली. सारा पेंच येथेंच आहे.

हीं चित्रें म्हणजे सपाट कातळावर बोट-दोन बोटें खोल कोरलेल्या रेषा. कोणी त्यांस खोदचित्र म्हणतात, कोणी कातळशिल्प. डोंगरांतील आश्रयाच्या गुहांत रंगविलेलीं चित्रें महाराष्ट्रीय वाचकांस ऐकून ठाऊक असतात. मध्यप्रदेशांतील भीमबेटका येथील गुहाचित्रें विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ मध्यें जगापुढें आणलीं आणि २००३ मध्यें त्या स्थळाची जागतिक वारशांत गणना झाली. तेथें चित्रांवर निदान पाषाणाचें छत आहे. कोंकणांतील चित्रें आभाळाखालीं आडवीं पडलेलीं आहेत; पाऊस, ऊन, गुरांचे खूर आणि माणसांचीं पावलें हीं सारीं त्यांच्यावरून जातात.

कनकादित्याच्या देवळामुळें प्रसिद्ध असलेल्या कशेळी गांवच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. त्याची लांबी १८ मीटर आणि रुंदी १३ मीटर, म्हणजे जवळजवळ ६० फूट लांब आणि ४० फुटांहून अधिक रुंद असें हें चित्र. या हत्तीच्या देहरेषेच्या आंत इतर प्राण्यांच्या कितीएक लहानमोठ्या आकृति सामावलेल्या आहेत. इतकें मोठें चित्र त्यावर उभें राहिलें असतां दिसतच नाहीं. चालून पाहावें लागतें आणि मनांत जुळवावें लागतें. कोरणाऱ्यानें तें कोणत्या उंचीवरून पाहिलें असेल, हा विचार भल्याभल्यांस थक्क करतो. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधें उभा असलेला मनुष्य आहे. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रेवरही दोन वाघांस दोहों हातांनीं थोपविणारा मनुष्य आढळतो. तेवढ्या साम्यावरून दोहोंचा संबंध जोडणें घाईचें होईल, तथापि साम्य डोळ्यांत भरण्याजोगें आहे खरें. देवाचें गोठणें येथें कातळावर मनुष्याकृति आहे आणि त्या जागीं होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. देवीहसोळ येथें आर्यादुर्गेच्या देवळानजीक मोठ्या चौकोनांत बसविलेली भूमितीच्या आकृतींची रचना आहे. जांभरूण, उक्षी, रुंढे तळी, सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांत कुशावती नदीच्या कांठचें पणसायमळ, अशी ही माळ दक्षिणेकडे पसरत गेलेली आहे.

यांचें वय किती? येथें अभ्यासकांची खरी कसोटी लागते. उघड्या कातळावर मातीचे थर साचत नाहींत, आणि थर नाहींत म्हणजे उत्खननशास्त्राचें मुख्य साधनच हातीं नाहीं. खोदलेल्या रेषेंत कोळसा किंवा रंग नसल्यामुळें प्रयोगशाळेसही फारसें कांहीं करतां येत नाहीं. म्हणून चित्रांनाच साक्षीस बोलवावें लागतें. त्यांत हत्ती, वाघ, हरीण, मासे, कासव, पक्षी आहेत. नांगर किंवा पेरणी यांचें चित्र आढळत नाहीं. यावरून तीं शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांनीं काढलीं असावींत असें राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संचालकांनीं सुचविलें. कांहीं आकृति गेंड्याच्या आणि पाणघोड्याच्या मानल्या जातात. आज गेंडा कोंकणांत नाहीं, आणि पाणघोडा तर रानटी अवस्थेंत साऱ्या भारतांत नाहीं. परंतु गुजराथेंत लांघणज येथें हसमुख धीरजलाल सांकळिया यांनीं १९४० नंतरच्या दशकांत जें उत्खनन केलें, त्यांत मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तींत गेंड्याच्या खांद्याचें हाड मिळालें होतें. पश्चिम हिंदुस्थानांत एके काळीं गेंडा हिंडत होता याचा तो पुरावा होय. कणकवली तालुक्यांत कोळोशी येथील गुहेंत राज्याच्या पुरातत्त्व खात्यानें खणून पाहिलें तेव्हां दगडी हत्यारेंही हातीं आलीं. हे सारे धागे जुळवून अभ्यासक या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापासून इतिहासकालाच्या आरंभापर्यंत, असा रुंद पल्ल्याचा मानतात. सारीं चित्रें एकाच पिढीनें काढलीं असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां तीं सांपडलीं कशीं, तें पाहूं. रत्नागिरीच्या आसपासचीं कांहीं थोडीं चित्रें पूर्वीं जाणत्यांस माहीत होतीं. परंतु सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे अध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकर मंडळींनीं २०१२ च्या सुमारास पद्धतशीर शोध आरंभिला. सडे अफाट आणि वाटा थोड्या. नकाशावर बोट ठेवून चित्र सांपडावें अशी सोय नव्हती. म्हणून त्यांनीं गुराख्यांना विचारलें, म्हाताऱ्यांना विचारलें. शाळांतील मुलांस सांगितलें कीं, घरीं जाऊन आपल्या आजीआजोबांना विचारा, सड्यावर कोठें कातळांत कोरलेलें कांहीं पाहिलें आहे काय? ही युक्ति साधी असली तरी फार मोलाची ठरली. ज्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथालयांत नव्हतें, तें माजघरांत निघालें. लहानपणीं गुरें राखतांना ज्या चित्रावर बसून भाकर खाल्ली, त्याची आठवण वृद्धांस होती; मात्र तिला कांहीं किंमत आहे असें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. २०१८ पर्यंत ५२ गांवांतून सुमारें ४०० चित्रें नोंदलीं गेलीं, आणि त्यानंतर ही संख्या हजाराच्या वर गेली. गोव्यांतील पणसायमळाचीही कथा हीच. नदीनें आणलेल्या गाळाखालीं झांकलेलीं तीं चित्रें १९९३ मध्यें पुरातत्त्वज्ञांना दिसलीं, तीं स्थानिक लोकांनीं वाट दाखविली म्हणून. शोध लावल्याचा मान विद्वानांस मिळतो आणि तो योग्यच आहे. तथापि त्या मानांत कांठी हातीं घेऊन पुढें चाललेल्या गुराख्याचाही वांटा आहे.

शोध लागला म्हणजे वारसा वांचला असें नव्हे. किंबहुना संकट येथूनच सुरू होतें. देवस्थानाची किंवा सरकारची कांहीं जमीन सोडली, तर सडे बहुतांशीं खाजगी मालकीचे. सात-बाराच्या उताऱ्यावर ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या पोटखराबा म्हणून लागत आली. तिच्यावर भात पिकत नाहीं, नाचणीही धड होत नाहीं. घरांतले तरुण मुंबईस गेले, ते या नापीक कातळामुळेंच. पुढें काळ पालटला. चिऱ्याला मागणी आली आणि यंत्रानें खाण चालवितां येऊं लागली. कातळ फोडून, बाहेरून माती आणून हापूसचीं कलमें लावतां येऊं लागलीं. रस्ते रुंद झाले, सड्यावर घरें उठलीं. ज्या जमिनीनें सात पिढ्यांत कांहीं दिलें नाहीं, ती प्रथमच चार पैसे देऊं लागली. अशा वेळीं शहरांतून कोणी येतो आणि म्हणतो, ‘येथें खणूं नका, हा मानवजातीचा ठेवा आहे.’ मालकानें काय करावें? ठेवा मानवजातीचा आणि तोटा मात्र एकट्याचा, हा व्यवहार त्यास न्याय्य कसा वाटावा? चित्र आहे असें कळलें तर सरकार जमीन अडकवील, या भीतीनें एखाद्यानें तें मुकाट्यानें फोडून टाकलें, तर त्यास केवळ अडाणी म्हणून मोकळें होतां येणार नाहीं.

कायदा आहे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयींचा कायदा १९६० सालचा. त्याअन्वयें एखादें स्थळ राज्य संरक्षित म्हणून घोषित करतां येतें. रत्नागिरी तालुक्यांतील देऊड येथील गेंड्याचें आणि इतर प्राण्यांचें चित्रस्थळ २०२४ मध्यें याप्रमाणें संरक्षित झालें. या चित्रांच्या अभ्यासाकरितां राज्य सरकारनें २४ कोटि रुपये राखून ठेविल्याचेंही २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु हजाराहून अधिक चित्रें, तीं शेंकडों सड्यांवर विखुरलेलीं आणि एकेक सडा गांवापासून मैलभर उंचावर. प्रत्येकाजवळ खात्याचा पहारेकरी उभा करणें कोणत्याही सरकारास साधणार नाहीं. कायद्याचा फलक वाऱ्यापावसांत दोनचार वर्षांत गंजतो. गांवचा डोळा मात्र रोज तेथून फिरतो. म्हणून फलक लावतांना त्या डोळ्याला आपलेंसें करून घेणें अगत्याचें.

उक्षीचें उदाहरण येथें आठवतें. कोंकण रेल्वेवरील या गांवीं कातळावरच्या हत्तीच्या चित्राभोंवतीं गांवकऱ्यांच्या सहभागानें गोल गडगा बांधला गेला. गुरें आंत येईनात, गाड्या वरून जाईनात, आणि पाहणाऱ्यास कडेला उभें राहून चित्र नीट न्याहाळतां येऊं लागलें. खर्चाच्या मानानें काम लहान; परंतु ‘हें आमचें’ असें गांवानें म्हटलें, ही त्यांतील मोठी गोष्ट. देवीहसोळास आणखी निराळा बोध मिळतो. तेथील चित्र देवीच्या सान्निध्यांत आहे, आणि देवीच्या जागेंत कुदळ चालवावयाची नसते हें कोणा अधिकाऱ्यानें लिहून द्यावें लागलें नाहीं. श्रद्धेनें जें राखलें, त्याची नोंद शास्त्रानें पुढें केली.

परदेशांतील दोन उदाहरणें या ठिकाणीं उपयोगी पडतील. फ्रान्समधील लास्को येथील गुहाचित्रें १९४० मध्यें चार मुलांना आढळलीं. १९४८ मध्यें गुहा लोकांस खुली झाली, रोज शेंकडों माणसें आंत जाऊं लागलीं, आणि त्यांच्या श्वासानेंच भिंतींवर बुरशी व शेवाळ धरूं लागलें. अखेर १९६३ मध्यें गुहा बंद करावी लागली. आज प्रवाशांना तिची प्रतिकृति दाखवितात. सहस्रावधि वर्षें टिकलेलें पंधरा वर्षांच्या कौतुकानें धोक्यांत आलें. सड्यावरील चित्रांवर पादत्राणांनिशीं उभें राहून छायाचित्र घेणाऱ्यांनीं, आणि रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरणाऱ्यांनीं, ही गोष्ट विसरूं नये. दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील काकाडू येथील. तेथील खडकचित्रांचा प्रदेश १९७९ मध्यें राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु जमिनीच्या मोठ्या भागाचे मालक म्हणून तेथील मूळ रहिवाशांचा हक्क मान्य झाला, त्यांनीं ती जमीन भाडेपट्ट्यानें सरकारास दिली, आणि व्यवस्था पाहणाऱ्या मंडळांत बहुमत त्यांचेंच ठेविलें गेलें. ज्यांच्या पूर्वजांनीं चित्रें काढलीं, त्यांनाच घराचे यजमान मानण्याची ही रीत आहे.

कोंकणांतील नऊ चित्रस्थळें, महाराष्ट्रांतील आठ आणि गोव्यांतील एक, २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत दाखल झालीं. संभाव्य यादी म्हणजे मानाचें पान नव्हे, पंक्तीस बसण्याची पहिली पायरी होय. तिच्यामुळें पैसाही येत नाहीं आणि पहाराही बसत नाहीं. याचा प्रत्यय लवकरच आला. याच यादींत बारसूचें नांव आहे. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ मध्यें रद्द झाल्यावर पर्यायी जागा म्हणून बारसू-सोलगांव परिसराचें नांव २०२२ मध्यें पुढें आलें, आणि २०२३ च्या एप्रिलांत तेथील सड्यावर माती-परीक्षणाचें काम पोलिसांच्या बंदोबस्तांत सुरू झालें. ग्रामस्थ, त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येनें, उन्हांत सड्यावर येऊन बसले. प्रकल्प हवा कीं नको याविषयीं मतभेद आहेत आणि रोजगाराची आंच कोंकणास नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि त्या वेळीं एक गोष्ट स्पष्ट झाली. चित्रांपुरती जमीन कुंपण घालून वगळतां येईल, असा युक्तिवाद कोणी करूं शकतो. परंतु भोंवतालचा सडा, त्यावर चरणारीं गुरें, तेथील पाणवठे आणि त्या वाटांनीं चालणारी माणसें वगळून उरलेलें चित्र हें पळसनाथाच्या देवळासारखेंच होईल. तें शाबूत असेल आणि एकटें असेल.

मग करावें काय? मार्ग फारसे गूढ नाहींत. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरीं आपल्या सड्यावरील चित्रांची, जमिनीच्या गट नंबरासह, नोंद असावी. चित्राची जागा सोडून द्यावी लागते त्या मालकास योग्य मोबदला किंवा भाडें मिळावें, आणि तें वेळच्या वेळीं मिळावें. वाट दाखविण्याचें काम गांवच्याच तरुणतरुणींस द्यावें. पाहुण्यांनीं दिलेलें शुल्क गांवच्या पेटींत पडावें. चित्राभोंवतीं उक्षीसारखा साधा गडगा घालावा. झगमगीत इमारतींची तेथें गरज नाहीं. सर्वांत अधिक म्हणजे गांवच्या शाळेनें वर्षांतून एकदां तरी मुलांस सड्यावर न्यावें. ज्या मुलांनीं आजोबांना प्रश्न विचारून चित्रें शोधून दिलीं, त्यांच्यापेक्षां लायक राखणदार दुसरा कोण मिळणार?

हें केवळ कोंकणापुरतें आहे असें घांटावरच्या श्रोत्यांनीं समजूं नये. आपल्या शिवारांतही वेशीवरचे वीरगळ, ओढ्याकांठच्या सतीशिळा, बुजत चाललेल्या बारवा आहेत. कोठें त्यांवर शेंदूर चढतो, कोठें त्यांचा धुण्याचा दगड होतो, कोठें रस्त्याच्या भरावांत त्या गडप होतात. त्यांची यादी करण्यास विद्वानांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. घरांतील वृद्धांस एक प्रश्न विचारला तरी आरंभ होतो. तो प्रश्न मात्र वृद्ध हयात आहेत तोंवरच विचारला पाहिजे.

उन्हाळ्यांत भीमेचें पाणी ओसरतें, पळसनाथाचें शिखर उघडें पडतें, आणि चार दिवस सर्वांना आपल्या वारशाची आठवण होते. कशेळीचा हत्ती पाण्याखालीं गेलेला नाहीं. तो उघड्यावर आहे, त्याच्या भोंवतीं गांव आहे, गांवांत अजून माणसें आहेत, आणि त्यांतील कांहींना त्याची वाट ठाऊक आहे. तेवढी वाट मोडूं दिली नाहीं, तरी पुष्कळ राखलें असें होईल.